‘साहेब, एक्स्प्लोररमध्ये उघडा’

परवा रात्री आमच्या घरात भांडण झालं. कारण ऐकाल तर हसाल. लॅपटॉप एक, माणसं तीन आणि ब्राउझरही तीन. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिचं सगळं काम क्रोममध्ये. पोरगा अकरावीत, त्याने कुठूनतरी ब्रेव्ह आणून टाकलाय, कारण त्यात जाहिराती दिसत नाहीत. आणि मी फायरफॉक्सवाला, गेली वीस वर्षं. तर कुणीतरी लॅपटॉपचा ‘डिफॉल्ट’ बदलला. मेलमधली लिंक दाबली की भलताच ब्राउझर उघडायला लागला. मी आवाज चढवला, पोराने कानात इअरफोन घातले आणि बायको म्हणाली, "तुमच्या त्या कोल्ह्यात शाळेची माहिती अर्धीच उघडते. निम्मी बटणं दाबलीच जात नाहीत. मी रात्री अकरापर्यंत बसते ते तुमच्या तत्त्वासाठी नाही."

‘तत्त्वासाठी’ हा शब्द लागला. कारण या तत्त्वापायी एका पोरीचं नुकसान झालंय, ते तिलाही माहीत आहे आणि मलाही. त्या गोष्टीवर मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. आज लिहितो. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

आधी हा कोल्हा घरात आला कसा ते सांगतो.

मुक्त विद्यापीठातून पत्रकारितेची पदविका घेतली आणि एका दैनिकात तालुक्याच्या बातम्या करायला लागलो, तेव्हा इंटरनेट म्हणजे सीबीएसजवळचं सायबर कॅफे. तासाचे वीस रुपये. मशीनवर विंडोज एक्सपी आणि त्यात तो निळा ‘ई’. इंटरनेट एक्स्प्लोरर. आम्हाला वाटायचं, निळा ‘ई’ म्हणजेच इंटरनेट. मराठी पेपरांची संकेतस्थळं तेव्हा त्याच्यातच नीट दिसायची. त्याचं कारण नंतर कळलं. युनिकोड अजून रुळलं नव्हतं. प्रत्येक पेपरचा स्वतःचा फॉन्ट असायचा आणि तो पानाबरोबर आपोआप उतरावा म्हणून ‘डायनॅमिक फॉन्ट’ नावाची युक्ती वापरायचे. त्या फॉन्टची एक जात एक्स्प्लोररला चालायची, दुसरी जुन्या नेटस्केपला. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला, त्याला दोन्ही चालत नव्हत्या. म्हणजे फायरफॉक्समध्ये आपलाच पेपर उघडला, तर नाशिकच्या बातमीच्या जागी डोक्यावर टिंबं असलेल्या रोमन अक्षरांची खिचडी दिसायची.

मग मी फायरफॉक्सकडे गेलोच का? तर ‘पद्मा’मुळे. जुन्या लोकांना आठवत असेल. फायरफॉक्सला जोडायची ती एक छोटी पुरवणी होती. ती त्या खिचडीचं तिथल्या तिथे युनिकोडमध्ये रूपांतर करायची. मूळ तेलुगूसाठी केलेली, मग बाकीच्या लिप्यांसाठीही चालायला लागली. ज्या दिवशी पहिल्यांदा ती बसवली आणि बातमी अशी उघडली की त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवता येतोय, शोधता येतोय, त्या दिवशी मला काय आनंद झाला होता ते आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. बातमीदाराला स्वतःच्याच पेपरमधली जुनी बातमी शोधता येत नव्हती हो! छापलेल्या अंकांचे गठ्ठे उपसायला लागायचे.

युनिकोडचीही गंमतच होती. एक्सपीवर ते नीट दिसायचं नाही. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करायची आणि मग विंडोजची सीडी घाला म्हणायचं. कॅफेवाल्याकडे सीडी नसायची, कारण विंडोज कुठून आलेलं ते त्यालाच माहीत. सीडी नसली की ‘नाशिक’मधली वेलांटी ‘श’ सोडून ‘क’च्या डोक्यावर जाऊन बसायची. ‘नाशकि’. कितीतरी दिवस आम्ही कुंभनगरी नाशकिमध्ये राहत होतो.

पुढे मोझिलाने ब्राउझरच मराठीत आणला. स्वयंसेवकांनी एकेक शब्द बसून मराठी केला होता. फुकटात. माझ्यासारख्याला हे भावलं. तिथून मी पक्का झालो, आणि पक्का झालेला माणूस जरा त्रासदायकच असतो. ऑफिसात कुणी ‘ई’ उघडला की मी टोमणा मारायचो. २००८ च्या सप्टेंबरात क्रोम आला, सगळे भराभर तिकडे गेले, तेव्हाही मी गेलो नाही. म्हटलं, एकाचं साम्राज्य गेलं, दुसऱ्याचं येतंय, आपण आपल्या जागी बरे.

मोबाइलवर मात्र मी काही फार निष्ठावंत नव्हतो, हेही कबूल करतो. साध्या नोकियावर ऑपेरा मिनी होता. त्याच्यात पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा कोलन कॉन्फिग’ लिहायचं, मग एक यादी यायची, तिच्यात शेवटी ‘बिटमॅप फॉन्ट’ असं काहीतरी असायचं, त्याला ‘येस’ करायचं. की चौकोन गेले, मराठी आलं. हा मंत्र मी किमान शंभर लोकांच्या फोनवर करून दिला असेल. एका आमदारांच्याही. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर शाही स्नानाच्या दिवशी नेटवर्कची वाट लागलेली, तेव्हा पान उघडायचं ते फक्त ऑपेरा मिनीतच, कारण तो पान स्वतःच्या सर्व्हरवर बारीक करून पाठवायचा. यूसी ब्राउझरही होता आणि एक काळ तर असा होता की देशात मोबाइलवर त्याचाच बोलबाला होता. चिनी अलिबाबाचा. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली त्यात तो गेला. आमच्या गल्लीत टिकटॉकसाठी रडलेले बरेच पाहिले, यूसीसाठी कुणी रडलं नाही. क्रोम फोनमध्ये आधीच बसलेला होता. बोट तिकडे सरकलं, संपलं.

आता मूळ गोष्ट.

२०१९ ची. आमच्या गल्लीत एक अण्णा राहतात, मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांची थोरली मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. फीची परतफेड मिळते अशा एका सरकारी योजनेचा तिचा अर्ज भरायचा होता. शेवटच्या दिवशीच का, असं विचारू नका. उत्पन्नाचा दाखला त्याच दुपारी हातात आला होता. ज्यांनी असे दाखले काढलेत त्यांना कळेल.

संध्याकाळी अण्णा म्हणाले, "दादा, सेवा केंद्रात फार गर्दी आहे, तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना?" मी म्हटलं, "आण तिला, अर्ध्या तासात होईल." सेवा केंद्र चालवणारा भाऊ माझ्या ओळखीचा. त्याला फोन करून तसं सांगितलंही. तो म्हणाला, "भरा, पण साहेब, एक्स्प्लोररमध्ये उघडा. ते दुसऱ्यात शेवटी अडकतं."

आणि मी काय म्हटलं? मी त्याला भाषण दिलं. म्हटलं, "अरे, कुठल्या जमान्यात आहेस? कुठलंही संकेतस्थळ कुठल्याही ब्राउझरमध्ये चाललंच पाहिजे, तसे सरकारचेच निर्देश आहेत." ते खरं होतं. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २००९ मध्येच काढली आहेत आणि वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये तपासून घ्या असं त्यांत सांगितलंय. मी ते वाचलेलं होतं. भाऊने ते वाचलेलं नव्हतं. त्याने फक्त दिवसाला चाळीस अर्ज भरलेले होते.

फायरफॉक्समध्ये भरायला घेतला. सगळं व्यवस्थित. नाव, जात, बँक, आधार, फोटो बारीक करून चढवला, दाखला चढवला. पोरगी शेजारी बसून एकेक आकडा मोठ्याने वाचत होती. साडेनऊला शेवटचं पान. ‘सबमिट’ दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बटण आत जातंय, बाहेर येतंय, बाकी ढिम्म. पान ताजं केलं तर अर्ज पहिल्यापासून. पुन्हा भरला. पुन्हा तेच. सव्वादहाला पोरीने हळूच विचारलं, "काका, त्या भाऊंनी सांगितलं तसं करून बघायचं का?"

माझ्या लॅपटॉपवर तेव्हा उबुंटू होतं. त्यात एक्स्प्लोरर नसतोच. (हाही तत्त्वाचाच भाग.)

तिला गाडीवर मागे बसवून भाऊच्या घरी गेलो. तो जेवून झोपायच्या तयारीत. काही न बोलता त्याने लॅपटॉप काढला, निळा ‘ई’ उघडला. त्याने मला त्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरातली ओळ दाखवली. हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोरर ९ आणि त्यापुढील आवृत्तीत उत्तम दिसते. मी ती वाचलीच नव्हती. पानाच्या तळाशी कोण वाचतं?

पण आता सगळ्या राज्याची पोरं शेवटच्या तासाला लागलेली. पानं रांगत होती. ओटीपी यायला दहा मिनिटं. बारा वाजायला चार मिनिटं असताना ‘सबमिट’ दाबलं, यावेळी चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. बाराला तारीख उलटली. मुदत संपली आहे, असं लाल अक्षरात आलं.

आपल्याकडे मुदतवाढ मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. आम्हीही त्याच भरवशावर आठ दिवस थांबलो. त्या वर्षी ती मिळाली नाही. कॉलेजने पूर्ण फी मागितली. अण्णांनी गावाकडची गाय विकली. मी पैसे देऊ केले तर हात जोडले, म्हणाले, "तुमचा काय दोष दादा, सर्व्हर डाऊन होतं ना."

सर्व्हर डाऊन! हा शब्द त्यांना कुणी शिकवला? आम्हीच. बातमीदारांनी. रेशनचं मशीन अंगठा घेईना, सर्व्हर डाऊन. सातबारा निघेना, सर्व्हर डाऊन. २०२२ च्या डिसेंबरात साडेसात हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या, उमेदवारी अर्ज ऑनलाइन, शेवटच्या दोन दिवसांत सगळीकडे बोंब झाली आणि राज्य निवडणूक आयोगाला ऑफलाइन अर्ज घ्यायला सांगावं लागलं, वेळही २ डिसेंबरच्या साडेपाचपर्यंत वाढवावी लागली. त्या दिवशीही मी ‘सर्व्हर डाऊन’ अशीच बातमी दिली. खरोखर सर्व्हर कमी पडला असेलही. पण मी तपासलं का? नाही. पंधरा वर्षं हा शब्द मी ‘अज्ञात वाहनाने धडक दिली’ या चालीवर वापरतोय. वाहन अज्ञात, म्हणजे पुढे विचारायचं काही नाही.

त्या पोरीच्या वेळी मात्र मी विचारायला लागलो. अपराधी वाटत होतं म्हणून, पत्रकार होतो म्हणून नव्हे. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. हे संकेतस्थळ कोणकोणत्या ब्राउझरमध्ये तपासून घेतलं होतं, तारखा द्या, अहवाल द्या. तो अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरला. शेवटी उत्तर आलं की मागितलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेख्यात उपलब्ध नाही. त्याची बातमी केली, चार परिच्छेद. संपादक म्हणाले, ब्राउझर म्हणजे काय हे आपल्या वाचकाला कळणार नाही. मथळा बदलून छापली. नवा मथळा तुम्ही ओळखला असेल.

मग सातपूरच्या एका कंपनीत संगणक सांभाळणाऱ्या मित्राला गाठलं. चहाच्या टपरीवर त्याने जे समजावलं ते मला आधीच कळायला हवं होतं. सरकारी कामात एक्स्प्लोरर एवढा चिकटला तो आळसानेच असं नाही. डिजिटल सही हे एक कारण. ठेकेदार निविदा भरतो, अधिकारी दाखल्यावर सही करतो, ती पेनड्राइव्हसारख्या टोकनवरून. ब्राउझरला त्या टोकनशी बोलता यावं लागतं. एक्स्प्लोररमध्ये ॲक्टिव्हएक्स नावाची सोय होती, पानाला थेट तुमच्या मशीनमध्ये हात घालू देणारी. सोयीची आणि तितकीच धोक्याची. दुसरा मार्ग जावाचा. पण क्रोमने २०१५ मध्ये जावाची ती जुनी वाट बंद केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. सुरक्षेच्या दृष्टीने दोघांचंही बरोबर. पण आपल्याकडे निविदा भरणाऱ्यांनी काय केलं? फायरफॉक्सची जुनी ५२ वी आवृत्ती पेनड्राइव्हवर जपून ठेवली. अपडेट होऊ नये म्हणून इंटरनेटपासून लपवून! नाशिकमध्ये आजही अशी ठेव सांभाळणारे लोक असतील, मला खात्री आहे.

आपणच असे अडकलो होतो असंही नाही. दक्षिण कोरियाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बँकव्यवहारासाठी स्वतःची गुप्तलेखन पद्धत काढली, ती चालायची ॲक्टिव्हएक्सवर, आणि ऑनलाइन व्यवहाराला ठरावीक प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचं केलं. त्यामुळे जगात सर्वात वेगवान इंटरनेटचा देश वर्षानुवर्षं एकाच ब्राउझरच्या दावणीला बांधलेला राहिला. त्या प्रमाणपत्राचा खास दर्जा जायला २०२० चा डिसेंबर उजाडला. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोरर अधिकृतपणे बंद केला, तेव्हा तिथल्या ग्योंगजू शहरात एका इंजिनिअरने त्याचं चक्क थडगं उभारलं. दगडावर कोरलं, की दुसरे ब्राउझर डाउनलोड करायला हा चांगला होता. मी तो फोटो भाऊला पाठवला. त्याने उत्तर दिलं, "साहेब, आमच्याकडे अजून दहावं झालेलं नाही."

आणि तो बरोबरच म्हणाला. मायक्रोसॉफ्टच्या नव्या एजमध्ये ‘आयई मोड’ म्हणून खोली ठेवलेली आहे, जुनी पानं उघडायला. ती किमान २०२९ पर्यंत राहील असं कंपनीने सांगितलंय. भाऊच्या लॅपटॉपवर आता चार ब्राउझर आहेत आणि भिंतीवर एक कागद चिकटवलाय. कोणता अर्ज कशात उघडायचा, कुठे पॉप-अप चालू करायचा, कुठे मराठी नाव दुसरीकडे टाइप करून चिकटवायचं. त्या कागदाचा फोटो मी मागितला तर दिला नाही. म्हणाला, "हेच तर आमचं भांडवल आहे." अर्जामागे तो जे पन्नास-शंभर घेतो त्यातले किती रुपये कागदपत्रांचे आणि किती त्या कागदाचे, याचा हिशोब एकदा मांडला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, आता सगळे क्रोमवरच आहेत, संकेतस्थळंही क्रोम बघूनच बनतात, वाद मिटला. बायकोचंही हेच म्हणणं. सातपूरवाला मित्र तर म्हणतो, "तू भांडतोस कशाला? एज आतून क्रोमियम, ब्रेव्ह आतून क्रोमियम, ऑपेरा आतून क्रोमियम. तुझ्या पोराचा आणि बायकोचा ब्राउझर एकाच गिरणीतलं पीठ आहे." हे खरं आहे. एजने जानेवारी २०२० मध्ये स्वतःचं इंजिन टाकून गूगलचं घेतलं. वेगळं इंजिन म्हणावं तर ॲपलचा सफारी आणि आमचा कोल्हा. आणि कोल्ह्याचं काय, तर मोझिलाचं बहुतेक उत्पन्न येतं गूगलकडूनच, शोधाची जागा गूगलला दिल्याबद्दल. म्हणजे ज्याच्या विरोधात मी झेंडा घेऊन उभा, त्याच्याच पैशाने झेंड्याचं कापड येतं. मित्राने हे सांगितलं तेव्हा मी चहा संपवून निघालो.

तरीही माझ्याकडे एक उत्तर आहे, आणि ते मला या भांडणात कायम पुरतं. जुलै २०१४ मधली गोष्ट. संकेतस्थळ खरं की बनावट हे ब्राउझर ओळखतो ते प्रमाणपत्रावरून. दाखल्यावर जसा तहसीलदाराचा शिक्का, तसं. कुणाकुणाचे शिक्के मान्य करायचे याची यादी ब्राउझरकडे असते. तर आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या शिक्क्याने गूगल आणि याहूच्या नावाची खोटी प्रमाणपत्रं निघाली. गूगलच्या ते लक्षात आलं. भारताच्या प्रमाणन नियंत्रकांनीही मान्य केलं की एनआयसीच्या यंत्रणेत गडबड झाली होती. विंडोजच्या यादीत आपला शिक्का मान्य होता, त्यामुळे विंडोजवर एक्स्प्लोरर त्या खोट्या प्रमाणपत्रांना भुलू शकला असता. फायरफॉक्सची यादी स्वतःची, वेगळी, आणि तिच्यात तो शिक्का नव्हताच. म्हणून त्याला धोका नव्हता.

सगळं गाव एकाच विहिरीचं पाणी पीत असेल तर काय होऊ शकतं, हे यात दिसतं. बायकोला मी हे तीन वेळा सांगितलंय. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बरं, पण शाळेची माहिती कशात भरू?"

आता सरकारलाही स्वतःचा ब्राउझर हवा आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा लावली. अट अशी की भारताच्या प्रमाणन नियंत्रकांचा शिक्का त्यात आधीच मान्य असावा आणि डिजिटल सही त्यातून करता यावी. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, पहिलं एक कोटीचं बक्षीस झोहो कंपनीला मिळालं. मला अभिमान वाटला, नाही असं नाही. पण २०१४ आठवून जरा कसंसंही झालं. जगातल्या ब्राउझरनी आपला शिक्का यादीत का घेतला नाही, त्याची तक्रार दूर करायची, की यादीच आपली करायची? दुसरं सोपं आहे. आणि उद्या एखाद्या पानाच्या तळाशी ‘हे संकेतस्थळ फक्त स्वदेशी ब्राउझरमध्ये उत्तम दिसते’ अशी ओळ आली, तर अण्णांच्या दृष्टीने त्यात आणि निळ्या ‘ई’त काय फरक?

आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. बैठकांवर बैठका चालू आहेत, ॲप येणार, पोर्टल येणार, सगळं ऑनलाइन होणार असं ऐकतोय. यावेळी मी एक ठरवलंय. पत्रकार परिषदेत किती कोटी आणि किती कॅमेरे हे बाकीचे विचारतीलच. मी विचारणार आहे की साहेब, हे पान आठ हजारांच्या फोनवर, कमी नेटवर्कमध्ये, तीन वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये कुणी उघडून बघितलंय का, आणि त्या माणसाचं नाव काय. लोक हसतील. हसू देत.

पोरीचं सांगायचं राहिलं. तिचा डिप्लोमा झाला, एक वर्षही वाया गेलं नाही. अण्णांची गाय गेली ती गेलीच. ती आता अंबडला एका कारखान्यात लागली आहे. माझ्याशी चांगली बोलते, हेच मला जास्त अवघड जातं.

मागच्या आठवड्यात धाकट्या भावाला घेऊन आली. त्याचाही तसाच अर्ज. मुदतीला अजून चार दिवस होते. हे मी आधी विचारून घेतलं. लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिने हात न लावता माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, कशात उघडू?"

मी आधी पानाच्या तळाशी गेलो. ती ओळ अजून आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर ९ आणि त्यापुढील.

"क्रोममध्ये उघड," मी म्हटलं. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

अर्ज गेला. पावतीच्या दोन प्रती काढल्या, एक तिला, एक माझ्या फाइलला. ती गेल्यावर बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मग डिफॉल्ट बदलू का आता?"

"नको," मी म्हटलं.